वेताळाची मूळ पट्टी घ्यावी की नदीकाठचं तैलचित्र?

प्रश्न: मी मूळचा नाशिकचा. सध्या नोकरीमुळे सहकुटुंब अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या कोलंबसला राहतो. न्यूयॉर्कच्या एका लिलावगृहाचा अमेरिकन चित्रं आणि मूळ व्यंगचित्रं यांचा ऑनलाइन लिलाव पुढच्या महिन्यात आहे. त्यातल्या दोन वस्तूंवरून आमच्या घरी चर्चा चालू आहे. एक म्हणजे वेताळाची, 'फँटम'ची, १९६० च्या दशकातली वर्तमानपत्रातली रोजची पट्टी. तीन चौकटी, शाईने काढलेल्या, सही साय बॅरी यांची, अंदाजित किंमत ६०० ते ९०० डॉलर. दुसरं नदी आणि डोंगरांचं छोटं तैलचित्र. त्यावर एकोणिसाव्या शतकातल्या एका मोठ्या चित्रकाराच्या नावाआधी 'अ‍ॅट्रिब्यूटेड टू' असं लिहिलंय, अंदाज २,५०० ते ३,५०० डॉलर. आमच्याकडे सगळं मिळून ३,००० डॉलर आहेत. बाबांची पंचाहत्तरी जवळ आली आहे. त्यांचं सगळं तरुणपण वेताळाची इंद्रजाल कॉमिक्स वाचण्यात गेलं, म्हणून पट्टी त्यांना द्यावी असं मला वाटतं. पत्नीला देखावा आवडलाय. मोठा भाऊ म्हणतो, पैसे घालायचेच तर पेंटिंगमध्ये घाल, कार्टूनला उद्या कोण विचारणार? शिवाय पट्टीच्या फोटोत पांढऱ्या रंगाचे थर, फिकट निळ्या रेघा आणि वर चिकटवलेला एक कागद दिसतो. माल खराब आहे का? काय करावं?

उत्तर:

पट्टी घ्या, तैलचित्र सोडा. बाबांच्या पंचाहत्तरीचं निमित्त नसतं, तरी मी हेच सांगितलं असतं.

आधी तैलचित्राचं बघू. कॅटलॉगमध्ये चित्रकाराचं नुसतं नाव छापलेलं असेल, तर चित्र त्याचंच आहे असं लिलावगृह स्वतःच्या जबाबदारीवर सांगत असतं. नावाआधी 'अ‍ॅट्रिब्यूटेड टू' आलं की ते 'बहुधा त्याचं असावं' एवढ्यावर येतं. तिथून पुढे सगळा उतारच आहे. 'स्टुडिओ ऑफ' म्हणजे हाताखालच्या माणसांचं, 'सर्कल ऑफ' म्हणजे त्याच्या आसपासच्या कुणाचं तरी, 'मॅनर ऑफ' म्हणजे पुढे कधीतरी त्या धर्तीवर काढलेलं, आणि 'आफ्टर' म्हणजे सरळ नक्कल. 'साइन्ड' आणि 'बेअर्स सिग्नेचर' यांतही असाच फरक असतो. दुसऱ्यात चित्रावर सही आहे एवढंच कबूल केलेलं असतं, ती कुणी केली ते नाही. या सगळ्याचे अर्थ कॅटलॉगच्या शेवटी बारीक टाइपात दिलेले असतात. तेवढं पान आज रात्री दोघं मिळून वाचा. उद्या ते चित्र दुसऱ्याच कुणाचं निघालं, तर 'अ‍ॅट्रिब्यूटेड' लिहिलेल्या चित्राचे पैसे परत मागायला सहसा जागा राहत नाही.

हडसन नदीच्या खोऱ्यातले देखावे रंगवणाऱ्यांची जी पिढी थॉमस कोल (१८०१–१८४८) यांच्यापासून सुरू झाली, ती त्या काळात अफाट लोकप्रिय होती. न्यूयॉर्कची अमेरिकन आर्ट-युनियन १८४० च्या दशकात आपल्या सभासदांना नामवंतांच्या चित्रांचे छाप वाटायची. असले छाप समोर ठेवून विद्यार्थी आणि हौशी मंडळी चित्रं काढत. त्यात लबाडी काही नव्हती, शिकण्याची ती रीतच होती. लबाडी होते ती नंतर, शंभर वर्षांनी अशा एखाद्या बिनसहीच्या देखाव्याच्या कोपऱ्यात कुणीतरी मोठं नाव लिहितो तेव्हा. तुमच्या चित्राच्या बाबतीत तसं झालंय असं मी म्हणत नाही. पण त्या चित्रकाराचं खात्रीचं काम लाखो डॉलरला जातं, आणि हे लिलावगृह २,५०० पासून अंदाज सांगतंय. त्यांचा स्वतःचा त्या नावावर किती विश्वास आहे, ते त्या आकड्यातच दिसतं. आणि तुम्ही मात्र पैसे मोजणार आहात त्या नावाचे.

देखावा म्हणून चित्र सुंदर असेल तर? जरूर घ्यावं, पण मग बिननावाच्या देखाव्याच्या भावात. एकोणिसाव्या शतकातले अनामिक अमेरिकन देखावे लहान लिलावांत काहीशे डॉलरला मिळतात.

आता पट्टीकडे. तुमच्या पत्रातला पांढऱ्या थरांचा आणि निळ्या रेघांचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं, कारण तुम्ही फोटो नीट बघितलाय. ते डाग म्हणजे खराबी नाही. ती पट्टी खरी असल्याची तीच सगळ्यात चांगली खूण आहे.

रोजची पट्टी तयार कशी व्हायची ते सांगते. चित्रकार जाड, गुळगुळीत ब्रिस्टॉल बोर्डावर, छापून येणाऱ्या मापापेक्षा बरीच मोठी पट्टी काढायचा. आधी पेन्सिल, मग ब्रश आणि निबाने काळी शाई. तो बोर्ड सिंडिकेटकडे, म्हणजे वर्तमानपत्रांना चित्रपट्ट्या पुरवणाऱ्या कंपनीकडे जायचा, वेताळाच्या बाबतीत न्यूयॉर्कच्या किंग फीचर्सकडे. तिथे त्याचा फोटो काढून त्यावरून छपाईचं साहित्य तयार व्हायचं आणि ते देशोदेशीच्या वर्तमानपत्रांना जायचं. म्हणजे बोर्ड हा छपाईसाठीचा कामाचा कागद होता. भिंतीवर लावायला तो कुणी केलेलाच नव्हता. त्या कॅमेऱ्याच्या फिल्मवर फिकट निळा रंग पांढऱ्यासारखाच यायचा, म्हणून खुणा, मोजमापं, 'इथे काळं भर' असल्या सूचना निळ्या पेन्सिलीने केल्या जात आणि खोडायची गरज पडत नसे. शाई चुकली की वर दाट पांढरा रंग लावून पुन्हा रेघ काढायची. फोटोत ते पांढरं आणि कागदाचं पांढरं एकच दिसायचं. चिकटवलेला कागद बहुधा सिंडिकेटचा कॉपीराइट सांगणारी चिठ्ठी असेल, नाहीतर बदललेल्या संवादाचा तुकडा. संपादकाला एखादं वाक्य पसंत पडलं नाही, तर संवादाचा फुगा नव्याने लिहून वर डकवत. तो जुना गोंद आता पिवळा पडून कागदावर उतरलेला असतो, हे खरं. पण त्यामुळे किमतीत फारसा फरक पडत नाही. तो कागद निघून आलेला असेल आणि हरवला असेल, तर मात्र थोडा पडतो.

लिलावगृहाकडून कंडिशन रिपोर्ट, म्हणजे वस्तूच्या अवस्थेचा अहवाल मागवा. तो फुकट मिळतो आणि मागायला संकोच वाटून घेऊ नका. त्यासोबत बोर्डाच्या मागच्या बाजूचा फोटो आणि तिरप्या उजेडात काढलेला पुढचा फोटो मागा. तिरप्या उजेडात खरी शाई लगेच ओळखू येते. वेताळाच्या मागचं काळंभोर जंगल छापात एकसारखं सपाट दिसतं. मूळ बोर्डावर मात्र ब्रशचा एक फटकारा दुसऱ्यावर कुठे चढलाय, कुठे शाई जाड बसून किंचित चमकतेय, कुठे ब्रश कोरडा पडत आलाय, हे सगळं वेगवेगळं दिसतं. शाईच्या बाजूने पेन्सिलीची पुसट रेघ डोकावत असते, कारण शाई पेन्सिलीवर तंतोतंत कधीच बसत नाही. छापलेल्या पट्टीवर कागद ठेवून खालून दिवा लावून गिरवलेली नक्कल असेल, तर तिच्याखाली असली शोधाशोध नसते. पहिल्यापासून सगळं कळलेल्या माणसाने काढल्यासारखी ती दिसते, आणि रेघेला जोर नसतो.

आणि पट्टीवर तारीख शोधा. चौकटींच्या मधे किंवा कडेला बारीक आकड्यांत महिना आणि दिवस लिहिलेले असतात. ती तारीख घेऊन तुम्हाला कुठे जायचंय, ते तुमच्या गावातच आहे, आणि ते सांगताना मला तुमचा हेवा वाटतोय. ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या आवारात, सलिव्हंट हॉलमध्ये बिली आयर्लंड कार्टून लायब्ररी आणि संग्रहालय आहे. ओहायोतच जन्मलेले चित्रपट्टीकार मिल्टन कॅनिफ यांच्या कागदपत्रांपासून १९७७ साली ते सुरू झालं. आज तिथे ३ लाखांवर मूळ व्यंगचित्रं आहेत. प्रदर्शन बघायला तिकीट नाही. आधी कळवून गेलात तर वाचनकक्षात मूळ पट्ट्या टेबलावर आणून समोर ठेवतात. लिलावाआधी एक शनिवार-रविवार नाही, तर कामाचा एक दिवस सुट्टी काढून जा. कॉमिक स्ट्रिपचं मूळ काम एकदा हातभर अंतरावरून पाहिलं की लिलावाच्या फोटोत काय बघायचं ते कुणी सांगावं लागत नाही.

या लायब्ररीकडे आणखी एक खजिना आहे. बिल ब्लॅकबिअर्ड नावाच्या कॅलिफोर्नियातल्या माणसाने, मोठमोठी ग्रंथालयं मायक्रोफिल्म करून वर्तमानपत्रांचे गठ्ठे टाकून देत होती तेव्हा, ते गठ्ठे आपल्या घरी आणून त्यातल्या चित्रपट्ट्या जपल्या. १९९८ मध्ये तो सगळा संग्रह कोलंबसला आला. सहा मोठे ट्रक भरून, सुमारे ७५ टन कागद. तुमच्या पट्टीवरची तारीख ग्रंथपालांना कळवा आणि त्या दिवसाचा छापील 'फँटम' त्यांच्याकडे किंवा डिजिटल झालेल्या एखाद्या वर्तमानपत्रात मिळतो का, ते विचारा. मिळाला की दोन्ही शेजारी ठेवून रेघ न् रेघ जुळवा.

हा छापाशी ताडून बघण्याचा खटाटोप मी उगीच सांगत नाही. नॉर्मन रॉकवेल यांचं 'ब्रेकिंग होम टाइज' हे चित्र १९५४ साली 'सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट' या साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर आलं. गाव सोडून कॉलेजला निघालेला मुलगा आणि त्याच्या शेजारी बसलेला शेतकरी बाप. ते डॉन ट्राक्टी या चित्रपट्टीकाराने ९०० डॉलरला विकत घेतलं. हे ट्राक्टी 'हेन्री' नावाच्या मालिकेची रविवारची पट्टी काढायचे. पुढे ते चित्र रॉकवेल संग्रहालयात प्रदर्शनाला दिलं गेलं, आणि तिथे जाणकारांना खटकत राहिलं की मुलाचा चेहरा छापलेल्या मुखपृष्ठासारखा दिसत नाही. कुणीतरी साफ करताना किंवा दुरुस्त करताना बिघडवलं असेल, असं समजून सगळे गप्प राहिले. ट्राक्टी २००५ मध्ये वारले. २००६ मध्ये मुलांना व्हरमाँटमधल्या त्यांच्या घरात एक खोटी भिंत सापडली आणि तिच्यामागे मूळ चित्र. बाहेर लावलेली होती ती ट्राक्टींनी स्वतः काढलेली नक्कल. त्याच वर्षी सदबीजच्या लिलावात मूळ चित्र १ कोटी ५४ लाख डॉलरला गेलं. इतकी वर्षं खरं उत्तर त्या छापील मुखपृष्ठात होतं, आणि ते पोस्टच्या जुन्या अंकात कुणालाही बघता आलं असतं.

सहीबद्दल थोडं. साय बॅरी यांची सही आहे म्हणून प्रत्येक रेघ त्यांची, असं धरून चालू नका. वेताळ ली फॉक यांनी १९३६ साली निर्माण केला आणि १९९९ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, कथा तेच लिहीत होते. चित्रकार मात्र बदलत गेले: आधी रे मूर, मग विल्सन मॅकॉय, आणि मॅकॉय १९६१ मध्ये वारल्यावर थोड्याच काळात साय बॅरी. बॅरींनी १९९४ पर्यंत, तीस वर्षांहून जास्त काळ ती पट्टी सांभाळली. आठवड्याच्या सहा रोजच्या पट्ट्या आणि वर रविवारचं पान. इतकं काम एकट्याच्या हाताने होत नाही, त्यांच्याकडे मदतनीस होते. जॉर्ज ओल्सन यांनी पुष्कळ वर्षं पेन्सिलीचं काम केलं. या धंद्यात ही पद्धत सर्रास होती आणि त्यात काही काळंबेरं नाही. चार्ल्स शुल्झ यांच्यासारखे, 'पीनट्स'च्या १९५० ते २००० मधल्या सगळ्या १७,८९७ पट्ट्या स्वतःच्या हाताने काढणारे विरळाच. तरीही माझ्या मते तुमची पट्टी अस्सलच म्हणायची. ज्या बोर्डावरून ती छापली गेली तोच बोर्ड, ज्या चमूने ती केली त्याच चमूच्या हातचा. तैलचित्राच्या बाबतीत हे तुम्हाला कुणी छातीठोकपणे सांगणार नाही.

पट्टीत काय काढलंय त्यावरही भाव ठरतो. वेताळ मुखवट्यासह तिन्ही चौकटींत असेल, कवटीची गुहा, पांढरा घोडा किंवा त्याचा लांडगा डेव्हिल दिसत असेल, तर चढाओढ वाढते. सुटाबुटातली दोन माणसं टेबलाशी बोलतायत, अशा पट्ट्या त्याच चित्रकाराच्या असूनही निम्म्या भावात जातात. तुम्ही चौकटींत काय आहे ते लिहिलं नाहीत, पण बाबांसाठी घ्यायची तर वेताळ स्वतः असलेलीच घ्या. ही नसेल तशी, तर थांबा. वेताळाच्या पट्ट्या वर्षातून बऱ्याचदा लिलावांना येतात.

पैशाचा हिशेब आता करून ठेवा, बोलीच्या वेळी करू नका. हातोडा पडतो त्या रकमेवर लिलावगृह बायर्स प्रीमियम लावतं. तो साधारण २० ते २८ टक्क्यांच्या घरात असतो, आणि मधल्या एखाद्या ऑनलाइन सेवेमार्फत बोली लावली तर आणखी काही टक्के वाढतात. त्या बेरजेवर विक्रीकर: ओहायो राज्याचा ५.७५ टक्के आणि वर तुमच्या काउंटीचा. मग पॅकिंग, विमा, कुरिअर. प्रीमियम २५ आणि कर ८ टक्के धरून बघा. पट्टी ९०० ला सुटली तर १,२१५ डॉलर होतात आणि घरपोच १,३०० च्या आसपास. तैलचित्र अगदी खालच्या अंदाजाला, २,५०० ला सुटलं, तरी ३,३७५ होतात आणि कुरिअर वेगळं. म्हणजे नावाबद्दलच्या सगळ्या शंका बाजूला ठेवल्या, तरी ते तुमच्या बजेटमध्ये बसतच नाही.

पट्टीसाठी तुमची शेवटची बोली आधीच ठरवून संगणकावर टाकून ठेवा आणि त्या संध्याकाळी फिरायला जा. समोर बसलात की 'अजून पन्नास' करत माणूस कुठल्या कुठे जातो. आकडा ठरवताना त्याच चित्रकाराच्या, त्याच दशकातल्या पट्ट्या याआधी कितीला गेल्या ते पाहा. डॅलसच्या हेरिटेजसारख्या लिलावगृहांच्या जुन्या विक्रीचे आकडे नावनोंदणी केली की फुकट बघता येतात. अंदाजित किमतीपेक्षा हे आकडे जास्त खरं बोलतात. आणि ही वस्तू यांच्याकडे आली कुठून, हेही विचारा. जुन्या काळी मूळ बोर्डाला कुणी किंमत देत नसे. पत्र लिहिणाऱ्या वाचकांना सिंडिकेटं आणि चित्रकार ते सहज पाठवून देत. 'अमुक वाचकाच्या कुटुंबाकडून' असं उत्तर आलं तर ते अगदी पटण्यासारखं आहे.

तुमच्या भावाच्या म्हणण्याला माझं उत्तर थोडं लांब आहे. कार्टूनला कोण विचारणार, हा समज आता मागे पडलाय. १९८४ च्या एका मार्व्हल कॉमिकचं एक पान, ज्यावर स्पायडरमॅनचा काळा पोशाख पहिल्यांदा येतो, ते २०२२ मध्ये ३३ लाख ६० हजार डॉलरला गेलं. इंटरनेटवर तुम्ही कुत्रा आहात हे कुणाला कळत नाही, असं सांगणारं पीटर स्टायनर यांचं १९९३ चं 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकातलं व्यंगचित्र २०२३ मध्ये १ लाख ७५ हजाराला. पण हे आकडे भावाला दाखवून जिंकायला जाऊ नका, कारण तुमच्या पट्टीचा त्यांच्याशी काही संबंध नाही. आणि पेंटिंग म्हणजे पक्की गुंतवणूक, हेही खरं नाही. मॅक्सफील्ड पॅरिश यांचं 'डेब्रेक' हे १९२२ चं चित्र घ्या. आपल्याकडे रविवर्मा प्रेसच्या लक्ष्मी-सरस्वती जशा घराघरांत होत्या, तसे त्याचे छाप अमेरिकेतल्या घरांत होते. मूळ चित्र क्रिस्टीजच्या लिलावात २००६ मध्ये ७६ लाख डॉलरला गेलं, आणि २०१० मध्ये तिथेच ५२ लाखांना. इतकं गाजलेलं, खात्रीचं, शंकेला जागा नसलेलं चित्र चार वर्षांत जवळपास एक तृतीयांशाने उतरलं.

वेताळाची गोष्ट आणखी वेगळी आहे. अमेरिकेत त्याला बॅटमॅन-सुपरमॅनएवढा मान कधीच मिळाला नाही. त्याचे खरे चाहते स्वीडन आणि नॉर्वेत, ऑस्ट्रेलियात आणि आपल्याकडे. ऑस्ट्रेलियात त्याचं कॉमिक १९४८ पासून चालू आहे, स्वीडनमध्ये १९५० पासून. तुमच्या पट्टीवर बोली लावणारा दुसरा माणूस सिडनीत किंवा स्टॉकहोममध्ये बसलेला असण्याची शक्यता मोठी. हे चाहते आता साठी-सत्तरीचे आहेत. त्यांच्यामागून येणाऱ्यांना वेताळाची ओढ किती असेल, त्यावर पुढचा भाव ठरणार, आणि तो कदाचित खालीही जाईल. म्हणून पट्टी घ्या ती परत विकायची नाही असं धरूनच. १,३०० डॉलर गेले आणि घरात वेताळ आला, एवढ्यात तुम्हा दोघांचं समाधान असेल तरच घ्या.

तुमच्या पत्नीसाठी माझ्याकडे दुसरी सूचना आहे, आणि ती मी मनापासून करते. उरलेल्या हजार-दीड हजारात संशयास्पद नावाचं तैलचित्र घेण्यापेक्षा खात्रीच्या नावाची शिळाछापाची प्रत, म्हणजे लिथोग्राफ घ्या. पोस्टर म्हणत नाही मी. चित्रकाराने स्वतः दगडावर काढलेलं, त्यावरून मोजक्या प्रती छापून प्रत्येकीखाली पेन्सिलीने सही केलेलं काम. महामंदीच्या काळात, १९३४ साली, न्यूयॉर्कमध्ये असोसिएटेड अमेरिकन आर्टिस्ट्स ही संस्था निघाली. साध्या नोकरदाराच्या घरीही अस्सल चित्र लागावं म्हणून तिने थॉमस हार्ट बेंटन, ग्रँट वुड, जॉन स्टुअर्ट करी यांच्यासारख्यांचे लिथोग्राफ ५ डॉलरला विकले. बहुतेकांच्या २५० च्या आसपास प्रती. शेतं, नांगरट, बर्फातल्या गवताच्या गंज्या, कोलंबसच्या बाहेर गाडी काढली की दिसतो तसाच हा मुलूख आहे. वुड आणि बेंटन यांची गाजलेली कामं तुमच्या उरलेल्या पैशात बसणार नाहीत, पण याच संस्थेने काढलेले इतर चांगल्या चित्रकारांचे देखावे काहीशे डॉलरला मिळतात, तेही पेन्सिलीच्या सहीसकट. भिंगातून बघा: खऱ्या लिथोग्राफमध्ये खडूच्या रेघेसारखे अनियमित कण दिसतात, साध्या छपाईत ठिपक्यांच्या सरळ रांगा.

तुमच्याच गावचे जॉर्ज बेलोज हेही त्यांना दाखवा. १८८२ मध्ये कोलंबसला जन्मलेले, कॉलेजात बेसबॉल खेळणारे, मग न्यूयॉर्कला जाऊन मुष्टियुद्धं आणि बंदरावरचे मजूर रंगवणारे. कोलंबस म्युझियम ऑफ आर्टमध्ये त्यांची चित्रं मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या लिथोग्राफवर कधी कधी नावाबरोबर 'ई. एस. बी.' अशी अक्षरं दिसतात. बेलोज १९२५ मध्ये अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी वारले, आणि सही करायच्या राहिलेल्या प्रतींवर त्यांच्या पत्नी एमा यांनी त्यांचं नाव लिहून खाली आपली आद्याक्षरं घातली. नवऱ्याची सही केली, पण ती आपण केल्याचं लपवलं नाही. तुमचं 'अ‍ॅट्रिब्यूटेड' तैलचित्र आणि ही अक्षरं, असा विचार एकदा पत्नीबरोबर करून बघा. त्यांना देखाव्याचं दुःख राहणार नाही असं मला वाटतं.

पट्टी नाशिकला नेण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगते, कारण इथेच जास्त नुकसान होतं. कुरिअरने पाठवू नका, कुणी येणारं असेल त्याच्या हाताने न्या. दोन कडक पुठ्ठ्यांत सपाट ठेवा, गुंडाळू नका, कारण जाड बोर्डाला एकदा मोड आली की जात नाही. लिलावाचं बिल जवळ असू द्या आणि कस्टम्सला विचारल्यावर दाखवा. भरावं लागणारं शुल्क निघण्याआधीच विचारून ठेवलंत तर विमानतळावर धावपळ नाही.

फ्रेम अमेरिकेतूनच करून नेऊ नका, काचेचं वजन आणि धोका दोन्ही टळेल. पण अ‍ॅसिड-फ्री माउंट-बोर्ड आणि कागदाचे कोपरे धरून ठेवणारे पारदर्शक कॉर्नर तिथून न्या. नाशिकच्या फ्रेमवाल्याला समोर बसून करायला सांगा. मागून डिंक, फेविकॉल, सेलोटेप यांतलं काहीही बोर्डाला लागता कामा नये. पांढरे थर 'साफ करून देतो' म्हणाला तर हात जोडून नको म्हणा. लॅमिनेशन तर नाहीच नाही. काच आणि कागद यांच्यात माउंटच्या जाडीएवढी फट हवी, नाहीतर पावसाळ्यात कागद काचेला धरतो. ऊन येणाऱ्या भिंतीवर लावू नका, आणि बाहेरच्या भिंतीपेक्षा आतल्या भिंतीवर लावली तर ओल कमी लागते. पंचाहत्तरीच्या आमंत्रणपत्रिकेवर ही पट्टी छापायचा मोह होईल. बोर्ड तुमचा झाला तरी चित्र छापण्याचा हक्क तुमच्याकडे येत नाही, तो सिंडिकेटकडेच राहतो. तेव्हा पत्रिकेवर बाबांचा फोटोच बरा.

आणि एक गोष्ट बाबांच्या लगेच लक्षात येईल, ती आधीच माहीत असू द्या. १९६४ पासून निघालेल्या इंद्रजालमध्ये अमेरिकन पट्ट्या कापून पानाच्या मापात बसवलेल्या आणि रंगवलेल्या असत. त्यांनी वाचलेला वेताळ डेंकालीच्या जंगलात राहायचा. मूळ पट्टीत जागेचं नाव बंगाला आहे, ते आपल्याकडे मुद्दाम बदललं होतं. रंगही नसेल, जांभळा नाही, लाल नाही, नुसती शाई. त्यांच्याकडे जुने इंद्रजाल अंक राहिले असतील तर ते काढायला सांगा. त्यांत ही गोष्ट मिळाली, तर तीच चौकट पानावर कुठे आणि कशी आलीय, ते शोधायला त्यांना एक दुपार द्या.